तीनशे ठिपक्यांचा इतिहास : फाळक्यांच्या ब्लॉकपासून कुरखेड्याच्या फ्लेक्सपर्यंत

१/२० कुरखेडा असो, वडसा असो की चंद्रपूर, फोटो छापायला दिला की दुकानात एक आकडा हमखास ऐकू येतो : ‘तीनशे डीपीआय’. फाईल तीनशेची असेल तर छपाई उत्तम, नसेल तर फोटो फुटणार, असा सर्वसाधारण समज आहे. हा आकडा आला कोठून, तो कधी लागू पडतो आणि कधी निरर्थक ठरतो, याचा हा थ्रेड. संगणक अस्तित्वात येण्याच्या कित्येक दशके आधी, काचेवर कोरलेल्या बारीक रेषांपासून ही कथा सुरू होते. तिच्यात एक ओळखीचे मराठी नावही आहे.

२/२० मूळ अडचण समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अखंड छटा असत. छापखान्याच्या यंत्राला मात्र दोनच गोष्टी ठाऊक होत्या : शाई लावणे आणि न लावणे. करडी शाई वेगळी नसे. त्यामुळे छायाचित्र वृत्तपत्रात छापायचे तर एखादा कारागीर ते पाहून लाकडावर कोरून काढी. वाचकाच्या हाती येई ते कॅमेऱ्याने पाहिलेले दृश्य नव्हे, तर कोरणाऱ्याने लावलेला त्याचा अर्थ.

३/२० यावरचा उपाय म्हणजे हाफटोन. चित्राचे लहानमोठे ठिपके करायचे. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात लहान. शाई सर्वत्र तीच, पण डोळ्याला दुरून करड्या छटांचा भास होतो. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकात स्टीफन हॉर्गन याने अशा पद्धतीने एक छायाचित्र छापले. १८८२ साली म्युनिकच्या गेओर्ग मायसेनबाख याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज आणि लेव्ही बंधू यांनी काचेची जाळी व्यवहारात आणली आणि हाफटोन जगभर पसरला.

४/२० ही जाळी म्हणजे दोन काचा. प्रत्येकीवर समांतर रेषा कोरून त्यांत काळा रंग भरायचा आणि दोन्ही काचा काटकोनात एकमेकींना चिकटवायच्या. कॅमेऱ्यात प्रकाशसंवेदी काचेच्या किंचित पुढे ही जाळी बसवली की चित्र बारीक चौकटींतून गाळून येते आणि ठिपक्यांत विभागले जाते. ती निगेटिव्ह जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने किंवा क्षाराच्या द्रावणाने पत्रा खायचा. उरलेले उंचवटे म्हणजे ठिपके. हाच ‘ब्लॉक’. मराठी छापखान्यांत हा शब्द इतका रुळला की ऑफसेट येईपर्यंत ‘फोटोचा ब्लॉक करून घेणे’ हाच वाक्प्रचार होता.

५/२० रिझोल्यूशनचा पहिला निर्णय येथे घ्यावा लागला. जाळीत दर इंची किती रेषा असाव्यात? रेषा जितक्या जास्त, तितके ठिपके बारीक आणि तपशील अधिक. मग सगळीकडे सर्वांत बारीक जाळी का वापरली नाही? कारण कागद. वृत्तपत्राचा खरबरीत कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो, शेजारच्या ठिपक्याला भिडतो आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. म्हणून वृत्तपत्रांसाठी साधारण ५५ ते ८५ रेषांची जाळी, तर गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३, १५० किंवा त्याहून अधिक रेषांची. जाडसर कागदावर बारीक जाळी ही सुधारणा नव्हे. तिने चित्र बिघडते.

६/२० भारतात या विद्येचा सर्वांत सखोल अभ्यास कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी केला. मुलांसाठी लिहिलेल्या आपल्या रामायणातील चित्रे लाकडी ठशांत बिघडलेली पाहून त्यांनी इंग्लंडहून सामग्री मागवली आणि १८९५ च्या सुमारास स्वतःचा व्यवसाय उभारला. जाळी आणि काच यांतील अंतर, ठिपक्याचा आकार, साठ अंशांची जाळी अशा विषयांवरील त्यांचे लेख ‘पेनरोज’ या ब्रिटिश वार्षिकात १८९७ ते १९१२ या काळात प्रसिद्ध झाले. सत्यजित राय यांचे हे आजोबा. वसाहतीतील एक कारागीर साम्राज्याच्या राजधानीतील कारागिरांना ठिपक्याचे गणित समजावून सांगत होता.

७/२० महाराष्ट्रातील नाव याहून परिचित आहे : धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईची जे. जे. कलाशाळा, नंतर बडोद्याचे कलाभवन. तेथून रतलामला जाऊन त्यांनी तीनरंगी ब्लॉक तयार करण्याची विद्या शिकून घेतली. काही काळ छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. स्वदेशीच्या लाटेत ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधीचे फाळके हे ठिपक्यांचे कारागीर होते.

८/२० लोणावळा का? राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत गिरगावात १८९४ साली सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. घराघरांत पोहोचलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे शिळाछापाची होती. त्यांत जाळी नसे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि त्यावर कुशल कारागीर हाताने बारीक ठिपके देत. त्या छापखान्याच्या कामाशी फाळक्यांचा संबंध होता. एकाच परिसरात हाताने दिलेला ठिपका आणि काचेच्या जाळीने पाडलेला ठिपका शेजारी नांदत होते. पुढे फाळक्यांचा छापखाना दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालला आणि १९०९ साली रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीला गेले.

९/२० तीनरंगी ब्लॉकची विद्या अवघड का होती? एकाच चित्राच्या तीन निगेटिव्ह घ्यायच्या, तीन ब्लॉक करायचे आणि पिवळा, लाल, निळा असे एकावर एक छापायचे. तिन्ही जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर ठिपक्यांच्या रांगा एकमेकींत गुंततात आणि चित्रावर पाण्याच्या लाटांसारखी नको असलेली नक्षी उमटते. तिला ‘मॉयरे’ म्हणतात. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी दुसऱ्यापासून साधारण ३० अंशांनी फिरवावी लागे. ही नक्षी लक्षात ठेवावी. ती पुढे गडचिरोलीच्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

१०/२० आता तीनशेचा उगम. छपाईची जाळी शंभर वर्षे टिकली. बदलली ती ठिपके पाडण्याची रीत. संगणकावरील चित्र पिक्सेलचे असते आणि छपाईच्या वेळी त्या पिक्सेलवरून जाळीचे ठिपके तयार होतात. प्रत्येक ठिपक्याला दोन्ही दिशांना दोन-दोन पिक्सेलची माहिती मिळाली तर चित्र नितळ उतरते, असा ठोकताळा रूढ झाला. चांगल्या मासिकाची जाळी १५० रेषांची. १५० ची दुप्पट ३००. आज उच्चारला जाणारा आकडा म्हणजे आर्ट पेपरावरील जाळीची दुप्पट. जाळी ८५ ची असेल तर १७० पिक्सेल पुरतात. कित्येकदा दीडपटही चालते.

११/२० दुसरा पुरावा मानवी डोळ्याचा. निरोगी डोळा साधारणतः एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर हा फरक ०.०८७ मिलिमीटर भरतो, म्हणजे दर इंची सुमारे २९० बिंदू. हातात धरून पाहायच्या फोटोला तीनशे पुरेसे का, याचे उत्तर येथे मिळते. पण अंतर दहापट केले, म्हणजे तीन मीटरवरून पाहिले, तर गरज दहापट कमी होते : दर इंची सुमारे २९. रिझोल्यूशनच्या प्रत्येक आकड्यात पाहणाऱ्याचे अंतर दडलेले असते.

१२/२० गोंधळ वाढतो तो तीन मापे एकाच नावाने ओळखली जातात म्हणून. पीपीआय : फाईलमधील पिक्सेल, दर इंची. एलपीआय : जाळीच्या रेषा, दर इंची. डीपीआय : यंत्र कागदावर पाडू शकणारे सूक्ष्म बिंदू, दर इंची. २४०० डीपीआयच्या यंत्रावर १५० रेषांची जाळी घेतली तर एका ठिपक्यासाठी १६ गुणिले १६, म्हणजे २५६ सूक्ष्म बिंदू मिळतात. त्यांतून छटा घडतात. १९८४-८५ च्या पहिल्या लोकप्रिय लेझर प्रिंटरची क्षमता ३०० डीपीआय होती. त्यावर ६० रेषांची जाळी घेतल्यास ठिपक्याला २५ च बिंदू मिळत. अक्षरे सुबक येत, फोटो मात्र राठ दिसत. आकडा तोच, अर्थ निराळा.

१३/२० ‘७२’ या आकड्याचेही असेच. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर दर इंची ७२ बिंदू होते, कारण छापखान्याच्या मापातील एक पॉइंट इंचाच्या बहात्तराव्या भागाइतका धरला होता. आजही कित्येक फाईलींवर ‘७२’ अशी नोंद दिसते आणि लोक घाबरतात. ती केवळ चिठ्ठी आहे. पिक्सेलची संख्या न बदलता ७२ चे ३०० केले तरी चित्रात एका पिक्सेलचीही भर पडत नाही. पाहायचे असते ते एकूण पिक्सेल आणि छापायचा आकार. पिक्सेल भागिले इंच, एवढेच गणित.

१४/२० हे गणित कुरखेडा परिसरात दर हिवाळ्यात प्रत्यक्ष घडते. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम धानाच्या कापणीनंतर रंगतो. वडसा हे नाटक कंपन्यांचे केंद्र. याच रंगभूमीचे कुरखेडा तालुक्यातील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटकाची जाहिरात तीन रूपांत होऊ शकते : हातात देण्याचे पत्रक, भिंतीवरचे पोस्टर आणि चौकातला फ्लेक्स. नटाचा फोटो तोच, पण कागद तीन आणि अंतरे तीन. म्हणून योग्य रिझोल्यूशनही तीन.

१५/२० हिशेब मांडून पाहू. १० फूट बाय ८ फुटांचा फ्लेक्स दहा फुटांवरून पाहायचा आहे. दर इंची ३० पिक्सेल धरले तर फाईल ३६०० बाय २८८० पिक्सेलची, म्हणजे सुमारे १ कोटी पिक्सेल. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइललाही हे जमते. तोच फ्लेक्स ३०० ने करायचा म्हटले तर १०३ कोटींहून अधिक पिक्सेल लागतील : शंभरपट मोठी फाईल आणि पाहणाऱ्याला शून्य लाभ. स्वस्त कागदावरच्या पत्रकाला १५० ते २०० पुरतात. खरे ३०० लागतात ते हातात धरून न्याहाळायच्या फोटोला.

१६/२० अशा फोटोंसाठी ध्यानात ठेवायचे आकार : ४ बाय ६ इंच म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल. ८ बाय १२ म्हणजे २४०० बाय ३६००. १२ बाय १८ म्हणजे ३६०० बाय ५४००. स्टुडिओतील लॅबचे यंत्र बहुधा लेझरच्या प्रकाशाने फोटोच्या कागदावर थेट चित्र उमटवते. तेथे जाळी नसते आणि दर इंची सुमारे ३०० बिंदू असतात, म्हणून हे आकडे तेथे चपखल बसतात. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू आकसून १६०० पिक्सेलवर आली असेल, तर ३०० ने तो पाच इंचांच्या थोडा पुढे जातो, २०० ने आठ इंच. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवण्याचे कारण हेच.

१७/२० येथवर प्रश्न सुबकतेचा होता. इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. कुरखेड्याचा प्रदेश ब्रिटिश काळात मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. या प्रांतातील जातीजमातींवर आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली लंडनला मॅकमिलनने प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांसह अनेक समाजांची छायाचित्रे आहेत. चित्राखाली बहुधा जमातीचे किंवा चाललेल्या कामाचे नाव असते, माणसाचे नसते. ती छायाचित्रे वाचकांपर्यंत पोहोचली ती छापील चित्रे म्हणून. काचेच्या निगेटिव्हमध्ये डोळ्यांतील चमक वा अंगावरील गोंदण किती स्पष्ट असेल. पानावर मात्र जाळीने जेवढे ठेवले तेवढेच उरले. त्या चेहऱ्यांचे रिझोल्यूशन हजारो मैल दूरच्या छापखान्याने ठरवले.

१८/२० अशा जुन्या छापील चित्रांच्या प्रती आता इंटरनेटवर आहेत आणि सभासंमेलनांच्या फलकांसाठी ती सहज उचलली जाऊ शकतात. येथेच नवव्या पोस्टमधील मॉयरे परत येते. छापील ठिपक्यांची एक जाळी आणि स्कॅनरच्या पिक्सेलची दुसरी. दोन्हींचे माप जवळपास असेल तर चेहऱ्यावर लाटा उठतात. उपाय आहे : छापील चित्र आधी ६०० किंवा त्याहून अधिक पीपीआयने स्कॅन करावे, ठिपके पुसण्याची सोय वापरावी आणि मग आकार कमी करावा. नक्षी जाते. पण ठिपक्याच्या आत जे कधी नोंदले गेलेच नाही, ते कोणत्याही उपायाने परत येत नाही.

१९/२० आज एक नवे साधन हाताशी आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेने धूसर फोटो स्वच्छ करणे. चित्र आकर्षक दिसते, पण त्यातील पापण्या, दागिने, कपड्याचे विणकाम यंत्राने अंदाजाने भरलेले असते. म्हणजे आपण पुन्हा १८८० च्या मागे, लाकडावर कोरणाऱ्या कारागिराकडे गेलो. फरक इतकाच की तो कारागीर आता यंत्र आहे. फलकासाठी असे चित्र वापरणे वेगळे आणि पुरावा म्हणून जपणे वेगळे. ज्या समाजाची जुनी छायाचित्रे मोजकीच आहेत, तेथे यंत्राने रचलेला चेहरा पुढच्या पिढीला पूर्वजाचा चेहरा म्हणून मिळण्याचा धोका खरा आहे. मूळ स्कॅन आणि सुधारलेली प्रत वेगळ्या नावांनी ठेवणे एवढी शिस्त तरी हवी.

२०/२० म्हणून रिझोल्यूशनचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय छपाईच्या आधी होतो, स्कॅन करताना. छपाईसाठी आकडा नंतर केव्हाही कमी करता येतो. वाढवता कधीच येत नाही. घरातील ३.५ बाय ५ इंचांचा जुना फोटो ६०० ने स्कॅन केल्यास २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात आणि तो ७ बाय १० इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह सापडली तर ती आधी, २४०० किंवा अधिक पीपीआयने स्कॅन करावी. निगेटिव्ह हे मूळ, फोटो ही तिची प्रत. फाईल टिफमध्ये ठेवावी, छपाईसाठी त्यावरून जेपेग करावी. आणि फाईलच्या नावात माणसाचे नाव, गाव व साल लिहावे. १९१६ च्या त्या खंडांत ठिपके कमी पडले हे खरे. पण त्याहून मोठी उणीव नावांची होती, आणि ती भरून काढायला एकही पिक्सेल लागत नाही. (थ्रेड समाप्त)